अंदाजाने दिलेले औषध हाही प्रयोगच

यवतमाळ जिल्ह्यात नव्या उपचारांच्या चाचण्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते. पांढरकवड्याच्या चहाटपरीवर ते ऐकू येते, वणीच्या बसमध्ये ऐकू येते आणि यवतमाळच्या सभागृहात माइकवरूनही ऐकू येते : ‘आमच्या माणसायवर प्रयोग नोका करू.’ त्यामागोमाग प्रश्न येतो, ‘आमी काय उंदीर हाओ का?’

हे बोलणारी माणसे माझ्या जिवाभावाची आहेत. त्यांत शेतकरी आहेत, शिक्षक आहेत, आदिवासी पाड्यांवर आयुष्य घालवलेले कार्यकर्ते आहेत. त्यांचा राग खरा आहे आणि त्याला इतिहास आहे. तरीही मी त्यांच्या म्हणण्याचा प्रतिवाद करणार आहे, कारण त्या वाक्यात एक गृहीतक दडलेले आहे. चाचणी नाकारली की माणूस प्रयोगातून सुटतो, असे ते गृहीतक आहे. तो सुटत नाही. उलट त्याच्यावरचा प्रयोग नोंदीशिवाय, संमतीशिवाय आणि भरपाईशिवाय चालू राहतो. त्यातून मिळालेले शहाणपण पुढच्या रुग्णापर्यंतही पोचत नाही.

आधी विरोधकांची बाजू तिच्या पूर्ण वजनानिशी मांडतो. ती हलकी करून खोडण्यात अर्थ नाही.

२००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला रोखणारी एचपीव्ही लस हजारो मुलींना देण्यात आली. पाथ ही अमेरिकी संस्था, भारतीय वैद्यक संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर आणि राज्य सरकारे यांचा तो प्रकल्प होता. सात मुलींचे मृत्यू झाले आणि एप्रिल २०१०मध्ये काम थांबवावे लागले. मृत्यूंचा लसीशी संबंध असण्याची शक्यता फार कमी आहे, असे चौकशी समितीने सांगितले. पण त्याच चौकशीत संमतीपत्रांचे जे चित्र उघडे पडले, ते कोणत्याही आईबापाचे रक्त तापवणारे होते. आंध्रमध्ये तपासलेल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी १,९४८ पत्रांवर फक्त अंगठा होता आणि २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनची सही होती. आश्रमशाळेत राहणाऱ्या आदिवासी मुलीच्या शरीराविषयीचा निर्णय तिच्या आईबापाऐवजी वॉर्डनने घेतला. २०१३मध्ये संसदेच्या स्थायी समितीने या प्रकल्पावर कडक ताशेरे ओढले. आपल्या जिल्ह्यातही आश्रमशाळा आहेत, वॉर्डन आहेत, आणि घाटंजी-झरीच्या पाड्यांवरचे आईबाप शाळेपासून तितकेच लांब आहेत. तेव्हा ‘खम्मम लांब आहे’ असे मला म्हणता येणार नाही.

इंदूरमध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी कंपन्यांसाठी केलेल्या चाचण्या गाजल्या. भोपाळच्या वायुपीडितांवरही चाचण्या झाल्याचे उघड झाले. स्वास्थ्य अधिकार मंच ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. २०१३मध्ये न्यायालयाने सरकारला खडसावले आणि संमती घेतानाचे ध्वनिचित्रमुद्रण आवश्यक ठरवले. त्याच वर्षी भरपाईचे नियमही आले.

आणखी एक दाखला आपल्या महाराष्ट्रातला आहे आणि तो जास्त अवघड आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय यांनी १९९९पासून एक मोठी चाचणी केली. गावांचे ५२ गट पाडले, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया निवडल्या आणि त्यांचे चार भाग केले. तीन भागांतील स्त्रियांची वेगवेगळ्या पद्धतींनी एकदा तपासणी झाली. चौथ्या भागातील ३१,४८८ स्त्रियांना नेहमीची, म्हणजे जवळजवळ नसलेलीच सेवा मिळत राहिली. २००९मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांची एचपीव्ही चाचणी झाली होती, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, तर तपासणी न झालेल्या गटात ६४. तपासणीचा उपयोग होतो हे आधीच ठाऊक असताना एका गटाला ती द्यायचीच नाही हे योग्य होते का, असा प्रश्न जगभरातून विचारला गेला. मलाही तो प्रश्न रास्त वाटतो. ‘तसेही त्यांना काही मिळतच नव्हते’ हे उत्तर मला पटत नाही, कारण ते सरकारच्या निष्काळजीपणालाच शास्त्राचा पाया करते.

एवढे सगळे मान्य करूनही मी चाचण्यांच्या बाजूने उभा आहे. तो का, हे सांगायला २०१७च्या पावसाळ्यात जावे लागेल.

त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. बोंडअळीच्या धास्तीने फवारण्या वाढल्या होत्या. पाठीवर पंप घेऊन ओळींतून जाणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर, छातीवर, डोळ्यांत विषाचे तुषार येत होते. जुलै ते ऑक्टोबर या काळात जिल्ह्यात शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दवाखान्यात दाखल झाले आणि वीसच्या वर माणसे दगावली. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरून गेले. कुणाचे डोळे जळत होते, कुणाला काही काळ दिसेनासे झाले होते, कुणाची छाती पाण्याने भरून आली होती.

पंपात काय होते? प्रोफेनोफॉस आणि मोनोक्रोटोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील विषे होती. सायपरमेथ्रिन होते, ते वेगळ्या गटातले. डायफेन्थियुरॉन होते, ते आणखी वेगळे, आणि त्यावर खास असा उतारा वैद्यकाकडे नाही. दुकानदाराच्या सल्ल्याने दोन-तीन औषधे एकाच टाकीत मिसळली जात होती. दवाखान्यात आलेला माणूस एका विषाने आजारी नव्हता. तो मिश्रणाने आजारी होता आणि त्या मिश्रणाला नावही नव्हते.

अशा रुग्णाला डॉक्टर काय देतात? अॅट्रोपिन आणि पॅम. ऑर्गॅनोफॉस्फेट शरीरातील कोलिनेस्टरेज नावाच्या विकराला जखडून टाकते. मग लाळ, घाम, फुप्फुसातील स्राव यांना आवर राहत नाही, नाडी मंदावते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. अॅट्रोपिन या लक्षणांना आवरते. पॅम, म्हणजे प्रालिडॉक्झिम, जखडलेले विकर मोकळे करील अशी अपेक्षा असते. १९५०च्या दशकापासून ते पाठ्यपुस्तकात आहे.

आता पॅमची गोष्ट ऐका, कारण माझा सगळा युक्तिवाद तिच्यात आहे. २००६मध्ये आपल्याच राज्यातील बारामतीच्या एका रुग्णालयातील डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध केली. दोनशे रुग्ण, शंभर-शंभरचे दोन गट. एका गटाला पॅम मोठ्या मात्रेत ४८ तास सलग सलाइनमधून दिले, दुसऱ्याला दर चार तासांनी इंजेक्शनने. सलगवाल्या गटात एक रुग्ण दगावला, दुसऱ्या गटात आठ. वाचून वाटते, प्रश्न सुटला. पण २००९मध्ये श्रीलंकेतील चाचणीचा निकाल आला. तिथे २३५ रुग्णांपैकी काहींना पॅम दिले, काहींना नुसते सलाइन. पॅम मिळालेल्या १२१ जणांपैकी ३० दगावले, न मिळालेल्या ११४ जणांपैकी १८. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, तेव्हा पॅम मारते असे त्यावरून म्हणता येत नाही. पण पॅम वाचवते असेही तिथे दिसले नाही.

बारामती खरे की श्रीलंका? दोन्ही ठिकाणची मात्रा वेगळी होती, विषे वेगळी होती, रुग्ण किती लवकर पोचले आणि त्यांची किती काळजी घेतली गेली हेही वेगळे होते. दोन्ही अभ्यासांतील रुग्ण बहुतेक विष प्यालेले होते. आमच्या वॉर्डातील माणूस विष प्याला नव्हता. ते त्याच्या कातडीतून, श्वासातून, डोळ्यांतून दिवसभर थोडे थोडे आत गेले होते आणि तेही मिश्रण होते. त्याला पॅम द्यावे की नाही, किती द्यावे, किती वेळ द्यावे, याचे उत्तर बारामतीच्या अभ्यासात नाही आणि श्रीलंकेच्याही नाही. ते उत्तर मिळण्याची जागा यवतमाळचा वॉर्ड हीच आहे, कारण तो रुग्ण तिथे येतो.

मग २०१७ साली त्या शेकडो रुग्णांना जे दिले गेले, ते काय होते? डॉक्टरांनी जिवाचे रान केले असेल, मी त्यांना दोष देत नाही. पण ज्या औषधाच्या उपयोगाविषयी जगातील जाणकारांचेच एकमत नाही, ते औषध नाव नसलेल्या विषावर अंदाजाने देणे याला प्रयोग म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? रुग्णाची संमती नव्हती, कारण विचारण्यासारखे काही आहे असे कुणाला वाटलेच नाही. तुलनेला दुसरा गट नव्हता. ‘आमी काय उंदीर हाओ का’ हा प्रश्न तेव्हा विचारायला हवा होता. उंदरावर प्रयोग करणारा निदान वहीत नोंद ठेवतो.

चाचणी म्हणजे काय, हे यवतमाळच्या शेतकऱ्याला मी शिकवावे असे नाही. नवे बियाणे आले तर कापूसवाला शहाणा माणूस अख्खे वावर त्याच्या हवाली करत नाही. धुऱ्याकडचे चार तास, म्हणजे चार ओळी, नव्याचे, बाकीचे जुन्याचे. खत तेच, पाऊस तोच, निंदण-डवरण तेच. बोंडे मोजायची, वेचणीचे वजन करायचे आणि मग पुढच्या सालचे ठरवायचे. शेजारचे जुने तास नसतील तर पीक चांगले आले ते बियाण्यामुळे की पावसामुळे, हे कळणारच नाही. वैद्यकातील तुलनेचा गट म्हणजे हेच जुने तास. काळी कसदार जमीन नव्याला आणि बरड जुन्याला दिली, तर ती तुलना खोटी ठरते. म्हणून कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे डॉक्टरने ठरवायचे नसते, चिठ्ठीने ठरवायचे असते. डॉक्टरच्या मनातील आशा त्याला नकळत बरे होण्यासारखे रुग्ण नव्या औषधाकडे ढकलते. चिठ्ठी त्या आशेला बाजूला ठेवते.

अर्थात तास उपटून टाकता येतो, माणूस नाही. म्हणूनच माणसावरच्या चाचणीला संमती लागते, नैतिकता समिती लागते, मधूनमधून आकडे पाहून नुकसान दिसले तर काम थांबवणारे वेगळे मंडळ लागते. हे सगळे असूनही विरोधकांचे चार प्रश्न उरतात. एकेक घेतो.

पहिला प्रश्न : ज्याच्या चिठ्ठीत नवे औषध आले नाही, त्याचे काय? त्याचा जीव स्वस्त आहे का?

या प्रश्नात असे धरून चाललेले असते की नवे ते चांगलेच. करोनाकाळ आठवा. बऱ्या झालेल्या रुग्णाचा प्लाझ्मा आजारी माणसाला दिला की तो वाचतो, असा विश्वास सगळीकडे पसरला होता. जून २०२०मध्ये आपल्या राज्य सरकारने ‘प्रोजेक्ट प्लॅटिना’ सुरू केला, सरकारी आणि मुंबई महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांत मिळून. त्याच सुमारास आयसीएमआर देशभरातील ३९ रुग्णालयांत चिठ्ठ्या टाकून तुलना करत होती. ४६४ रुग्णांपैकी प्लाझ्मा मिळालेल्यांत १९ टक्के रुग्णांचा आजार बळावला किंवा ते दगावले, न मिळालेल्यांत १८ टक्के. म्हणजे उपयोग शून्य. हे ऑक्टोबर २०२०मध्ये छापून आले होते. तरीही २०२१च्या एप्रिलमध्ये लोक प्लाझ्मासाठी रात्र रात्र फोन फिरवत होते, ओळखीपाळखी लावत होते, पैसे मोजत होते. देशाच्या उपचारसूचीतून प्लाझ्मा निघायला मे २०२१ उजाडला.

त्याच साथीत इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाने ‘रिकव्हरी’ नावाची चाचणी चालवली. सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या साध्या रुग्णांना चिठ्ठीने वेगवेगळ्या गटांत घातले. जून २०२०मध्ये कळले की डेक्सामेथॅझोन हे जुने, स्वस्त स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करते. ज्यांच्या चिठ्ठीत डेक्सामेथॅझोन नव्हते, त्यांच्यावर अन्याय झाला का? चिठ्ठी टाकली तेव्हा ते वाचवते की मारते, हे कुणालाच ठाऊक नव्हते. विषाणूच्या आजारात स्टेरॉइड घातक ठरेल अशी भीती बाळगणारे डॉक्टर पुष्कळ होते. खरोखर ठाऊक नसते तेव्हाच चिठ्ठी नैतिक असते. ठाऊक झाल्यावर चिठ्ठी टाकणे हा गुन्हा आहे, आणि उस्मानाबादच्या चाचणीवरचा आक्षेप नेमका तिथे लागू पडतो.

दुसरा प्रश्न : गरिबांवरच का? मुंबईच्या पंचतारांकित रुग्णालयात का नाही?

कारण आजार तिथे नाही. फवारणीची विषबाधा मलबार हिलवर होत नाही. सिकलसेलचे पाहा. गोंड, परधान आणि विदर्भातील इतर अनेक समाजांत हा आजार पिढ्यानपिढ्या आहे. त्यावरचे हायड्रॉक्सियुरिया हे औषध १९९५मध्ये अमेरिकेतील २९९ प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीने सिद्ध झाले. ते रुग्ण मुख्यतः आफ्रिकी वंशाचे होते. आपल्याकडच्या सिकलसेलची जनुकीय ठेवण वेगळी आहे, रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकून राहते. आपल्या अंगाने बारीक, रक्त तपासायला शहर गाठावे लागणाऱ्या मुलाला अमेरिकी मात्रा द्यायची का? नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी तीव्र त्रास असलेल्या ६० मुलांवर चाचणी केली आणि २०१२मध्ये निष्कर्ष छापला : किलोमागे १० मिलिग्रॅम एवढ्या ठरावीक, कमी मात्रेनेही वेदनेचे झटके ठळकपणे घटतात. हे ज्ञान विदर्भातील मुलांनी, त्यांच्या आईबापांनी दिले आणि ते विदर्भातील मुलांच्याच कामी आले.

गोष्ट इथे संपत नाही. २०२०मध्ये युगांडातील मुलांवरच्या चाचणीत दिसले की ठरावीक मात्रेपेक्षा हळूहळू वाढवत नेलेली मात्रा सरस ठरते. मग झरी जामणीच्या मुलाला १० मिलिग्रॅम पुरेसे आहे की वाढवायला हवे? केंद्र सरकारने २०२३मध्ये सिकलसेल निर्मूलन मोहीम जाहीर केली, २०४७ हे लक्ष्यवर्ष ठेवले. कार्डे वाटली जात आहेत, तपासण्या होत आहेत. पण तपासणीत सापडलेल्या मुलाला नेमके किती औषध द्यायचे, हे युगांडाच्या आकड्यांवरून ठरवायचे का? ‘गरिबांवर चाचणी नको’ म्हणजे व्यवहारात ‘गरिबांच्या आजाराविषयी ज्ञान नको’ असाच त्याचा अर्थ होतो.

एक अट मात्र मी ठामपणे घालतो. सिद्ध झालेला उपचार त्या लोकांना परवडणारच नसेल, त्यांच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कधी येणारच नसेल, तर तिथे ती चाचणी होऊ देऊ नये. उस्मानाबादच्या स्त्रियांनी २००९मध्ये जगाला उत्तर दिले की एका एचपीव्ही चाचणीने मृत्यू निम्म्यावर येतात. २०१६च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत मात्र डोळ्यांनी पाहून करायची सोपी तपासणी आली, आणि खेड्यातील बाईला एचपीव्ही चाचणी सरकारी केंद्रात आजही सहज मिळत नाही. त्या स्त्रियांची खरी फसवणूक मला इथे दिसते. त्यांनी जे दिले, ते त्यांच्या लेकीसुनांपर्यंत परतले नाही.

तिसरा प्रश्न : अडाणी माणसाची संमती ती कसली संमती?

खम्ममनंतर हा प्रश्न टाळता येत नाही. पण त्यातला सूर मला खटकतो. पीककर्जाचे कागद, सातबारा, विम्याचे अर्ज यांच्याशी झगडणारा माणूस, मुलीचे लग्न जमवताना दहा गावांची चौकशी करणारी बाई, यांना ‘दोन औषधांतले कोणते चांगले ते आम्हाला ठाऊक नाही, चिठ्ठी टाकून ठरवू, तुम्ही नाही म्हणालात तरी नेहमीचा उपचार मिळेलच’ हे कळत नाही, असे मानणे हा त्यांचा अपमान आहे. ते न कळण्याचे कारण आपण ते त्यांच्या भाषेत सांगत नाही, हे आहे. इंग्रजीतून मराठीत ओढूनताणून आणलेले बारा पानी संमतीपत्र मलाही समजत नाही. कोलामाला कोलामीत, गोंडाला गोंडीत, तांड्यावरच्या माणसाला गोरमाटीत तोंडी सांगा, त्याने काय समजून घेतले ते त्याच्याकडून परत वदवून घ्या, आणि हे सगळे डॉक्टरच्या हाताखाली नसलेल्या साक्षीदारासमोर करा. निरक्षर माणसासाठी निःपक्षपाती साक्षीदार हवाच, हा नियम आहे. २०१९च्या नवीन औषधे व चिकित्सा चाचणी नियमांनुसार नैतिकता समितीत किमान सात सदस्य हवेत, त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री, एक कायद्याचा जाणकार हवा, आणि निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे हवेत. नियम आहेत. त्या खुर्च्यांवर कोण बसते, हे आपण विचारले पाहिजे. चाचण्यांना विरोध करणाऱ्या कार्यकर्त्यांनीच त्या खुर्च्या मागाव्यात, अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे.

चौथा प्रश्न : यात कंपन्यांचाच फायदा ना?

कंपनीच्या चाचणीत कंपनीचा फायदा असतो, हे उघड आहे. म्हणूनच चाचण्या विद्यापीठांनी कराव्यात, असे माझे म्हणणे आहे. अॅट्रोपिन हे काही रुपयांचे जुने औषध. ते कोणत्या पद्धतीने द्यावे, हे तपासायला कोणती कंपनी पैसा घालील? ते काम बांगलादेशातील चट्टग्रामच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाने केले. नेहमीसारखी ठरावीक अंतराने इंजेक्शने दिलेल्या गटात २२.५ टक्के रुग्ण दगावले. मात्रा झपाट्याने वाढवत नेऊन मग सलग सलाइनमधून दिलेल्या गटात ८ टक्के. औषध तेच, फक्त देण्याची रीत वेगळी, आणि शंभरातील चौदा जीव वाचले. हा निष्कर्ष २०१२मध्ये छापून आला आणि त्यातून कुणाच्याही नफ्यात एक रुपयाची भर पडली नाही.

चाचणी औषधाचीच असते असेही नाही. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातल्यांना शिधा देऊन पाहिला. दहा हजारांहून अधिक माणसांवरच्या या चाचणीने २०२३मध्ये दाखवले की पोटभर सकस अन्न मिळाले तर घरातील इतरांना क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटते. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, अगदी जंतुसंसर्गावर इंजेक्शन द्यायलासुद्धा. शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली, तेव्हा नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. १९९९मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि २०११पासून देशभरातील आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. आज दारव्हा-दिग्रसच्या घरात बाळ तपासायला येणारी आशाताई ही एका चाचणीचे फळ आहे. ‘आमच्या माणसायवर प्रयोग नोका करू’ असे गडचिरोलीच्या त्या गावांनी म्हटले असते, तर ती आली नसती.

आणि महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. विंचूदंशावर प्राझोसिन वापरून त्यांनी कोकणातील किती जीव वाचवले, हे महाराष्ट्राला माहीत आहे. पण मला त्यांच्याविषयी सगळ्यात जास्त आदर वाटतो तो त्यांच्या पुढच्या पावलासाठी. आपल्याच नावाशी जोडलेल्या उपचाराची त्यांनी तुलना करून पाहिली. ७० रुग्ण घेतले, निम्म्यांना नुसते प्राझोसिन, निम्म्यांना त्याच्या जोडीला विंचवाची प्रतिविषलस. दहा तासांत जोडीच्या गटातील ३५ पैकी ३२ रुग्ण पूर्ण बरे झाले, नुसत्या प्राझोसिनच्या गटातील ८. हा निष्कर्ष त्यांनी २०११मध्ये स्वतःच छापला. ‘माझे औषध चांगले आहे’ हे म्हणणे सोपे. ‘ते आणखी चांगले होते का, हे तपासतो’ असे म्हणायला मोठे मन लागते.

तेव्हा मागणी नेमकी काय करायची, तेही सांगतो.

यवतमाळचे महाविद्यालय १९८९पासून आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाखालील अशा महाविद्यालयांत एमडीचा प्रत्येक विद्यार्थी प्रबंध लिहितो. प्रत्येकाचा विषय वेगळा, रुग्ण पन्नास-साठ, निष्कर्ष कपाटात. एवढ्या रुग्णांतून पॅमसारखा प्रश्न सुटत नाही. विद्यापीठाने यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, नागपूर इथल्या विद्यार्थ्यांना एकच प्रश्न, एकच नमुना आणि एकच नोंदवही द्यावी. सेवाग्रामलाही सोबत बोलवावे. चार-पाच वर्षांत हजारभर रुग्णांचे उत्तर हाती येईल.

फवारणीच्या विषबाधेवरच्या चाचणीचा आराखडा उन्हाळ्यातच नैतिकता समितीसमोर ठेवून मंजूर करून घ्यावा. ऑगस्टमध्ये वॉर्ड भरल्यावर परवानग्या मागत बसायला वेळ नसतो. रक्तातील कोलिनेस्टरेज मोजण्याची सोय यवतमाळ आणि वणीत बारा महिने चालू असावी, कारण विष कोणते हे न कळता उपचाराची तुलना करणे म्हणजे पुन्हा अंदाजच. प्रत्येक चाचणी आयसीएमआरच्या नोंदवहीत आधी नोंदवलेली असावी, म्हणजे नकोसा निष्कर्ष कुणाला दडवता येणार नाही. विद्यापीठीय चाचण्यांना कंपनीचा विमा नसतो, तिथे इजा झाल्यास उपचार आणि भरपाईची हमी राज्य सरकारने लेखी द्यावी. आणि चाचणी संपली की निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकाआधी नाही तरी निदान त्याच महिन्यात त्या गावांच्या ग्रामसभेत मराठीत आणि तिथल्या बोलीत वाचून दाखवावा. ज्यांनी उत्तर दिले, त्यांना ते कळण्याचा पहिला हक्क आहे.

हे नसेल तर चाचणीला विरोध करा, मी तुमच्या बाजूला उभा राहीन. वॉर्डनच्या सहीवर मुलगी निवडली जात असेल, ठाऊक असलेला उपचार रोखला जात असेल, महागडे औषध इथे तपासून दुसरीकडे विकले जाणार असेल, तर रस्त्यावर उतरू. पण ‘प्रयोगच नको’ हे म्हणू नका. ते म्हटल्याने डॉक्टरच्या हातातील सुई थांबत नाही. ती सुई काय करते हे आपल्याला कळत नाही, एवढेच होते.

येत्या पावसाळ्यातही पऱ्हाटी वाढेल, पंप पाठीवर चढतील, आणि कुणीतरी डोळे चोळत, छाती धरून यवतमाळच्या वॉर्डात येईल. त्याला पॅम द्यायचे की नाही, असे त्या रात्री ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरला विचारा. २०१७ साली त्याच्या जागी जो होता, त्याच्यापेक्षा याला काय जास्त माहीत आहे, तेही विचारा. त्या उत्तराची जबाबदारी आपणा सगळ्यांवर आहे.